कोटितीर्थाच्या काठचा चित्रकार : आबालाल रहिमान

कोल्हापूर शहरी जाण्याचा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांस केव्हा ना केव्हा येतोच. कोणी गूळ घेऊन बाजारपेठेत जातो, कोणी कचेरीच्या कामास, कोणी दुखणाईतास घेऊन दवाखान्यात. काम आटोपले आणि परतण्यास वेळ असला, तर लोक रंकाळ्याच्या काठी घटकाभर टेकतात, शिदोरी सोडतात आणि पाण्याकडे पाहत बसतात. पण आपण पाहतो ते कितीसे? पाणी आहे, पलीकडे झाडी आहे, दगडी संध्यामठ आहे, एवढे पाहून आपली दृष्टी तृप्त होते आणि मन पुन्हा घरच्या काळजीकडे वळते. याच शहरात एक मनुष्य असा होऊन गेला, की ज्याने हेच पाणी, हीच झाडी व हाच मठ चाळीसहून अधिक वर्षे पाहिला आणि तरी त्याचे पाहणे संपले नाही. त्याचे नाव आबालाल रहिमान. तो चित्रकार होता. त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो, ते त्याच्या कीर्तीसाठी नव्हे. तर ज्या कामाकडे कोणी पाहत नाही, असे काम जन्मभर कसे करावे आणि शेवटी त्या कामाचे काय होते, हा प्रश्न या चरित्रात उभा आहे म्हणून.

आबालालांचा जन्म १८६० च्या सुमारास कोल्हापुरात एका मुसलमान कुटुंबात झाला. कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करणे हा त्या घराण्याचा परंपरागत व्यवसाय. हे काम किती जोखमीचे असते, हे ज्यांनी धर्मग्रंथाची प्रत हाताने उतरविली असेल त्यांस सांगावयास नको. बोरू नीट तासावा लागतो, शाई एकजीव लागते, ओळ सरळ व अक्षर प्रमाणात यावे लागते. आणि एका चुकीने सबंध पान वाया जाते. अक्षरांभोवती वेलबुट्टीचे नक्षीकाम करावयाचे, तेही त्याच काळजीने. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या हातास शिस्त लागली ती कुंचला धरण्यापूर्वीच. रेघ ओढणे म्हणजे सहज चाळा नव्हे, तिचा जाब द्यावा लागतो, हे त्याला बाळपणीच कळले असले पाहिजे.

त्या काळी कोल्हापूर हे संस्थान होते आणि तेथे इंग्रज सरकारचा प्रतिनिधी राहत असे. या मुलाची चित्रे इंग्रज अधिकाऱ्याच्या घरी पाहण्यात आली, तेथील मंडळींस त्याचे कौतुक वाटले आणि त्यांच्याच उत्तेजनाने त्याला मुंबईच्या चित्रशाळेत जाण्याची वाट मोकळी झाली, असे सांगतात. कोल्हापुरास आगगाडी आली १८९१ साली. आबालाल मुंबईस गेले तेव्हा ती आलेली नव्हती. मुंबईस जाणे म्हणजे तेव्हा एक मोठी यात्राच होती. कोल्हापूरच्या गल्लीत वाढलेल्या एका गरीब मुलाने चित्रे काढण्याचे शिक्षण घेण्यासाठी एवढा प्रवास करावा, ही गोष्ट त्या काळच्या पुष्कळांस वेडेपणाची वाटली असेल तर नवल नाही.

मुंबईची सर जमशेटजी जिजीभाई चित्रशाळा १८५७ साली सुरू झाली. आबालाल तेथे शिकत होते त्या काळी जॉन ग्रिफिथ्स हे तिचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील भिंतीवरची चित्रे विद्यार्थ्यांकडून उतरवून घेण्याचे मोठे काम याच गृहस्थांनी केले. तेथील शिकवण फार कडक. प्रथम साध्या आकृती, मग प्लॅस्टरचे पुतळे, मग पाने, फुले व वस्तू, आणि शेवटी समोर बसविलेला जिवंत मनुष्य. उजेड कोठून येतो, सावली कोठे पडते, हाडावर मांस कसे चढते, हे पेन्सिलीने दिवसेंदिवस रेखाटावयाचे. या शिक्षणात आबालालांनी असे प्रावीण्य मिळविले, की त्यांना व्हाइसरॉयच्या नावाचे पदक मिळाले, आणि त्यांची विद्यार्थिदशेतील रेखाटने त्या शाळेने जतन करून ठेविली.

येथे त्यांच्या आयुष्याला दोन वाटा फुटल्या. मुंबईत राहिले असते तर द्रव्य मिळविणे कठीण नव्हते. शहरातील शेठ, सावकार व न्यायाधीश यांस आपली तसबीर काढून घेण्याची हौस होती. देवादिकांच्या चित्रांनाही मोठी मागणी येऊ लागली होती. त्रावणकोरकडील प्रसिद्ध चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईजवळ छापखाना काढिला आणि पुढे त्या छापखान्यातील चित्रे खेड्यापाड्यांतील भिंतींवर जाऊन लागली. पदक मिळविलेल्या तरुणाला या बाजारात जागा मिळाली नसती असे नाही. परंतु आबालाल कोल्हापुरास परत आले आणि पुढे जन्मभर तेथेच राहिले. शहरातील कोटितीर्थ तलावाच्या काठी एका लहानशा घरात त्यांनी बिऱ्हाड केले. लग्न केले नाही. गरजा थोड्या ठेविल्या. लोक त्यांस फकीर म्हणत, आणि ते फकिरासारखेच राहत.

त्यांनी तसबिरी काढल्या नाहीत असे नाही. माणसाचा चेहरा हुबेहूब उतरविण्याची विद्या त्यांच्या हाती पूर्ण होती. परंतु त्यांचे मन रमले ते उघड्या निसर्गाच्या चित्रात. रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट, शहराबाहेरची झाडे व वाटा हे त्यांचे विषय. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण अशी चित्रे आपण दिनदर्शिकांवर रोज पाहतो. पण त्या काळी आपल्याकडे चित्र म्हणजे देवाचे, राजाचे, नाही तर घरच्या वडील माणसाचे. मागे डोंगर वा नदी दाखवावयाची ती केवळ मोकळी जागा भरण्यासाठी. ज्या चित्रात देव नाही, राजा नाही, कोणाचा आजा नाही, नुसते पाणी आणि पाण्यावरचे ऊन आहे, ते भिंतीवर कोणी कशासाठी लावावे? आणि त्याचे पैसे कोणी द्यावे? म्हणजे आबालालांनी असे काम पत्करिले, की ज्याला गिऱ्हाईकच नव्हते.

हे काम कसे चालते हे थोडक्यात सांगितले, तर त्यातील कष्ट वाचकांच्या ध्यानी येतील. तैलचित्राचा पाया म्हणजे आपल्या शेतातील जवस. रब्बीत निळी फुले येणाऱ्या या पिकाचे तेल काढितात, तेच निवळून रंगात खलितात. रंग म्हणजे बव्हंशी दगड, माती आणि धातूंची भस्मे: गेरू, पिवळी माती, सफेता, काजळी. लाकडी चौकटीवर जाड कापड ताणून बसवावयाचे, त्यावर सरसाचा हात द्यावयाचा, मग पांढऱ्या रंगाचे अस्तर, आणि ते वाळल्यावर चित्रास आरंभ. पाण्यातील रंग पाणी उडून गेले की वाळतो. जवसाचे तेल उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. त्यामुळे रंग कित्येक दिवस ओला राहतो, चुकले तर खरवडून काढता येते, आणि एकावर एक थर देऊन खोली दाखविता येते. पूर्वी असा रंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवीत. तो सांडे आणि लवकर खराब होई. १८४१ साली जॉन रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने कथिलाची मऊ नळी शोधून काढिली, तेव्हापासून रंगाची पेटी खांद्याला अडकवून रानात जाणे चित्रकाराला शक्य झाले.

परंतु रानात गेल्यावर खरी अडचण पुढे येते. समोर बसलेल्या मनुष्यास चित्रकार स्थिर राहावयास सांगू शकतो. सूर्यास सांगू शकत नाही. सकाळी सात वाजता पाण्यावर जो रंग असतो तो आठ वाजता राहत नाही. सावल्या सरकतात, धुके विरते, जे जांभळे होते ते हिरवे होते. म्हणून चित्रकाराला झटपट ठरवावे लागते, की या घटकेचे सत्य कोणते. आणि पुन्हा दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी येऊन उभे राहावे लागते. ढग आले तर तो दिवस गेला. शेतकऱ्याला वापसा साधावा लागतो, तसा चित्रकाराला उजेड साधावा लागतो. दोघांचाही धनी आभाळच.

आबालालांनी ही साधना एकाच गावात केली. रंकाळा तोच, पण पहाटेचा वेगळा, दुपारचा वेगळा, पावसाच्या आदल्या संध्याकाळचा वेगळा. संध्यामठ तोच, उन्हाळ्यात तो कोरड्या दगडांवर उभा दिसतो, आणि पाणी चढले की अर्धा बुडून जातो. एकच विषय त्यांनी पुनःपुन्हा घेतला, यावरून त्यांना विषय सुचत नव्हते असे कोणी म्हणू नये. पाण्याचा रंग पाण्याचा नसून आभाळाचा असतो, सावली काळी नसून तिलाही रंग असतो, ही गोष्ट एका चित्राने सिद्ध होत नाही. फ्रान्स देशात काही चित्रकारांनी १८७४ साली पॅरिस शहरी आपले पहिले प्रदर्शन भरवून हीच गोष्ट जगापुढे मांडिली आणि आरंभी त्यांची पुष्कळ थट्टा झाली. पुढे जाणत्या लोकांनी आबालालांच्या चित्रांची तुलना या फ्रेंच चित्रकारांशी केली आहे. कोल्हापुरात बसून ती चित्रे पाहण्याची सोय नव्हती. जे तेथे अनेकांनी एकमेकांच्या आधाराने शोधिले, ते येथे एका माणसाने एकट्याने, तलावाच्या काठी उभे राहून शोधिले.

साधनांची टंचाई तर नित्याचीच. विलायती रंग व कापड महाग. म्हणून ते माती, झाडपाला यांपासून स्वतः रंग करीत आणि मिळेल त्या कागदावर वा फळीवर चित्र काढीत, असे त्यांच्याविषयी सांगतात. तेलरंग नसले तर जलरंग, तेही नसले तर पेन्सिल. त्यांची पुष्कळ चित्रे आकाराने लहान आहेत. पण त्यांत उघड्या आभाळाचा विस्तार मावला आहे.

अशा माणसाकडे लक्ष गेले ते छत्रपती शाहू महाराजांचे. शाहू महाराजांचे नाव आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १८९४ साली त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. मागासलेल्या जातींसाठी वसतिगृहे काढिली. १९०२ साली संस्थानातील नोकऱ्यांत निम्म्या जागा त्यांच्यासाठी राखून ठेविल्या. ज्या घरांतील मुलांना पूर्वी शाळेच्या ओट्यावर चढू देत नसत, त्या घरांत त्यांचे नाव आजही आदराने घेतात. त्याच राजाने मल्ल, गवई, नट आणि चित्रकार यांसही आश्रय दिला. खासबागेचे कुस्तीचे मैदान त्यांनीच बांधविले. अल्लादियाखाँसारख्या थोर गवयास त्यांनीच दरबारी ठेविले. आबालालांस त्यांनी दरबारचे चित्रकार नेमिले. महाराजांना शिकारीचा मोठा नाद होता, आणि तेथील प्रसंगांची चित्रे आबालालांच्या हातून झाली. परंतु या आश्रयाचे खरे मोल चित्रांच्या संख्येत नव्हते. ज्या कामाला गिऱ्हाईक नव्हते, त्याची किंमत जाणणारा एक मनुष्य भेटला, हे ते मोल होते. राजा आणि फकीर यांचे असे जुळले, आणि फकिराला राजवाड्यात जाऊन राहण्याची गरज भासली नाही. कोटितीर्थाचा काठ त्याने सोडिला नाही.

१९२२ सालच्या मे महिन्याच्या ६ तारखेस शाहू महाराज मुंबई मुक्कामी निवर्तले. त्यांचे वय तेव्हा अवघे ४७ वर्षांचे होते. सारे संस्थान शोकात बुडाले. आबालालांच्या शोकाची जी हकीकत कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते ती ऐकून मन सुन्न होते. आपल्या घरातील चित्रे त्यांनी उचलली आणि कोटितीर्थाच्या पाण्यात टाकून दिली. एक नव्हे, दहा नव्हे. हजारो चित्रे त्या दिवशी पाण्यात गेली असे म्हणतात. ज्या पाण्याकडे पाहून ती काढिली, त्याच पाण्याने ती गिळिली.

या कृत्याविषयी काय म्हणावे? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. दुःखाने मनुष्याचे भान सुटते, आणि ज्याने असे दुःख भोगिले नाही त्याने न्याय करावयास बसू नये, हे खरे. जो एकच मनुष्य आपले काम ओळखीत होता तो गेल्यावर ते काम कोणासाठी ठेवावे, असे त्यांस वाटले असेल. तरीही आम्हांस असे म्हणावेसे वाटते, की ती चित्रे एकट्या आबालालांची नव्हती. त्यांत विजेच्या तारा येण्यापूर्वीचे कोल्हापूर होते. पुढे तोडल्या गेलेल्या झाडांच्या सावल्या होत्या. आपल्या आज्यापणज्यांनी पाहिलेली आणि पुन्हा न दिसणारी सकाळ होती. विहीर खणणाऱ्याला वाटले तरी ती बुजविण्याचा अधिकार त्याला उरत नाही, कारण तिचे पाणी आता गावाचे झालेले असते. आणि आणखी एक गोष्ट: कोणत्याही कामाची किंमत एकाच माणसाच्या पसंतीवर टांगून ठेवू नये, मग तो माणूस राजा का असेना.

पण चरित्र येथे संपत नाही. त्यानंतरही आबालाल नऊ वर्षे जगले. १९३१ सालच्या डिसेंबर महिन्याच्या २८ तारखेस त्यांचा अंत झाला. त्यांनी शाळा काढिली नव्हती, ग्रंथ लिहिला नव्हता. तरी कोल्हापुरातील पोरे त्यांचे काम पाहत मोठी झाली. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर हे दोघे त्याच हवेत वाढले. आनंदराव १९१६ साली अकाली वारले. बाबूरावांनी पुढे देशी कॅमेरा तयार करून १९२० साली सैरंध्री हा चित्रपट लोकांस दाखविला. दत्तोबा दळवी यांनी रंगविलेल्या निसर्गचित्रांनी नाव मिळविले आणि त्यांनी अनेक विद्यार्थी घडविले. चित्रपटांत नट म्हणून गाजलेले चंद्रकांत मांडरे यांनीही वृद्धापकाळापर्यंत निसर्गचित्रे काढिली आणि आपले घर चित्रांसह जनतेच्या हवाली केले. लोक कोल्हापुरास कौतुकाने कलापूर म्हणतात. त्या नावाचे मूळ शोधू गेले, तर ते रंकाळ्याच्या काठी रंगाची पेटी घेऊन उभ्या असलेल्या एका फकिरापाशी जाऊन पोहोचते.

सर्वच चित्रे पाण्यात गेली नाहीत. काही लोकांच्या घरी होती, काही दरबारात होती. त्यांपैकी काही कोल्हापुरातील टाउन हॉलच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. आमच्या वाचकांपैकी जे शहरी जातील त्यांनी बाजार झाल्यावर अर्धा तास तेथे अवश्य काढावा. मुलांस बरोबर न्यावे. चित्रापुढे उभे राहून ही सकाळ की संध्याकाळ, हे त्यांनाच ओळखू द्यावे. गुरे राखणारी पोरे ते शहरातल्या शहाण्यांहून लवकर ओळखतील. मग तेथून रंकाळ्यावर जावे आणि पाण्याकडे पुन्हा एकदा पाहावे.

एका माणसाने जन्मभर केलेल्या कामाचा मोठा भाग एका दिवसात पाण्यात गेला, तर ते काम व्यर्थ गेले काय? वरवर पाहता तसे वाटते. परंतु त्याने जे पाहिले ते इतरांस पाहावयास शिकविले, आणि ते शिकलेले डोळे काही तलावात टाकता आले नाहीत. आमच्या गावोगावी असे कितीतरी लोक आहेत, की ज्यांचे काम कोणी पाहत नाही. कोणी आडगावात चार पोरांना मुळाक्षरे शिकवितो, कोणी बांध नीट घालतो, कोणी म्हाताऱ्याच्या उशाशी रात्र जागतो. या कामांचे चित्र कोणी काढीत नाही आणि पदकही कोणी देत नाही. त्यांनी कंटाळा आला असता कोटितीर्थाच्या काठच्या या चित्रकाराची आठवण करावी. मात्र निराशेच्या घटकेला हातातले काम पाण्यात टाकू नये. ते कोणाच्या उपयोगी पडत आहे, हे करणाऱ्याला नेहमी दिसतेच असे नाही.